मिस्त्रीचा पाचवा तारा

गुणवत्तेची कदर समाज आज ना उद्या करतोच. हे वाक्य मी सत्कार समारंभांत इतक्या वेळा ऐकले आहे की ते कानावर पडताच शालीचा डांबरगोळीचा वास यायला लागतो. वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. समाज कदर करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या आर्णी गावाने आमच्या फ्रिजच्या मिस्त्रीची इतकी मनापासून कदर केली की त्याचे काम गेले.

मी इथल्या महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. पुस्तकांजवळ बसलेला माणूस विद्वान असतो असा गावाचा समज आहे, आणि तो दूर करण्याची घाई मी कधी केली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतरही मला कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसवतात. पहिल्या रांगेतून फक्त वक्त्याचे बूट नीट दिसतात, पण ते असो.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मिस्त्री घरी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “सर, परवा यवतमाळले चालाचं. कंपनी मले स्टार देऊन राह्यली. घरचं एक मोठं माणूस संगं आणा म्हणते.”

“मंग तुह्या घरचं कोणी ने न.”

“अब्बा तर राह्यले नाही, अन् अम्मीले एसटी सोसत नाही. आता मोठं म्हणजे तुम्हीच. वयानं तरी.”

मिस्त्री फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. वय पंचेचाळिशीचे, बोलणे भरपूर, आणि स्वतःच्या कामाबद्दल संकोच अजिबात नाही. त्याचे वडील बसस्थानकाजवळ रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. माझा पहिला रेडिओ त्यांनीच तीनदा जिवंत केला. रेडिओ गेले, मग वडील गेले, आणि ते दुकान मिस्त्रीने मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या एकाला भाड्याने दिले. स्वतः मोटरसायकलच्या डिकीत पाने-पेचकस घेऊन घरोघर हिंडू लागला. पुढे एका मोठ्या कंपनीने त्याला आपल्या मशिनांच्या दुरुस्तीसाठी घेतले. पगार नाही, कामाप्रमाणे पैसे. पण थंडीत, जेव्हा कोणाचा फ्रिज बिघडत नाही, तेव्हाही कंपनीकडून काही ना काही काम येत राही आणि घर चाले.

यवतमाळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये समारंभ होता. जिल्ह्यातले सगळे तंत्रज्ञ निळ्या शर्टांत बसले होते. मंचावर धूर सोडायचे यंत्र होते, आणि त्या धुरात नागपूरहून आलेले साहेब खोकत खोकत म्हणाले, “तुम्ही मेकॅनिक नाही आहात. तुम्ही तारे आहात.” मग त्यांनी मिस्त्रीच्या खिशावर एक बिल्ला लावला. प्लास्टिकचा पाच टोकांचा तारा, आत बॅटरी. तो लुकलुकत होता.

परतीच्या एसटीतही तो लुकलुकतच होता. बंद करायचे बटण चालत नव्हते. उघडायचा म्हटले तर त्याला स्क्रूच नव्हता, सगळा चिकटवलेला. लोक वळून वळून पाहत होते. कंडक्टरने विचारले, “का भाऊ, ब्रेकडाऊन झालं का?” मिस्त्रीला राग आला नाही. त्या दिवशी त्याला कशाचाच राग आला नसता. लोणबेहळ मागे पडल्यावर तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सर, साहेब बोलले. पुढच्या मार्चपर्यंत तारे चार पूर्णांक सातच्या खाली नाही गेले, तर आर्णीचं अधिकृत सेवा केंद्र मले. पाटी कंपनी देणार. मी त्या कव्हरवाल्याले खाली करतो अन् अब्बाच्याच दुकानावर लावतो.”

एवढीच गोष्ट होती. वडिलांचे दुकान, त्यावर पाटी. पुढचे वर्षभर मिस्त्री जे काही करत होता ते त्या पाटीसाठी.

ताऱ्यांची पद्धत ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दुरुस्ती झाली की ग्राहकाच्या मोबाइलवर संदेश येतो. त्यात पाच रिकामे तारे असतात. आपण बोट लावू तितके पिवळे होतात. त्या सगळ्यांची सरासरी म्हणजे माणूस.

मला मूल्यांकनाचा थोडा अनुभव होता. आमच्या महाविद्यालयाला एकदा बाहेरची समिती येऊन चांगली श्रेणी देऊन गेली. त्यानंतर प्राचार्यांनी ग्रंथालयातली उत्तम पुस्तके काचेच्या कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली, कारण पुढच्या समितीला ती तितकीच कोरी दिसायला हवी होती. तेव्हापासून मुले उरलेली पुस्तके वाचत. श्रेणी टिकली.

तर मिस्त्री स्टार झाला आणि त्याचे सुख संपले. स्टार तंत्रज्ञाने पूर्ण बाह्यांचा निळा शर्ट घालायचा, गळ्यापर्यंत बटणे लावून. आमच्याकडे नवतपा नावाचे नऊ दिवस असतात, ज्यांत कावळासुद्धा सावली सोडत नाही. त्या दिवसांत मिस्त्री बँकेच्या मॅनेजरसारखा हिंडत होता. ग्राहकाच्या दारात पोचल्यावर हसरा फोटो काढून पाठवायचा, निघताना पुन्हा हसरा. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला हात लावायचा नाही. आणि ग्राहकाच्या घरी चहा घ्यायचा नाही.

शेवटच्या नियमाने तर सगळे बिघडवले. आर्णीत बिघडलेला फ्रिज लोक सहन करतात, पण चहा नाकारलेला सहन करत नाहीत. ज्या घरांत मिस्त्री लहानपणी वडिलांच्या मागे रेडिओ पोचवायला जाई आणि पोहे खाऊन येई, त्या घरांत तो आता “सॉरी काकू, अलाऊड नाही” म्हणू लागला. एका काकूंनी मला रस्त्यात थांबवून विचारले, “आमच्या हातचं चालत नाही का आता त्याले? स्टार काय झाला, पंगत सोडली का?”

शिवाय स्टार म्हणून अवघड कामे त्याच्याकडे यायची. कंपनीचा संगणक नकाशावर सरळ रेघ मारतो. त्याला मधले घाट, नदी, खड्डे दिसत नाहीत. सकाळी बाभुळगाव आणि दुपारी ढाणकी, म्हणजे जिल्ह्याची दोन टोके, असे दिवस यायचे. मिस्त्री जायचा. रस्त्यात कुठेही थांबला की पहिल्यांदा मोबाइल काढायचा.

तो मोबाइल हीच खरी पीडा होती. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर टेकायचा, पण बसलेला नसायचा. पाय सारखा हलत असायचा, हात खिशाकडे जात असायचा. बोलता बोलता मध्येच थांबून मोबाइलचा पडदा बोटाने खाली ओढायचा आणि सोडायचा, की काही नवीन आले का. “चार पूर्णांक नऊ, सर.” थोड्या वेळाने पुन्हा ओढायचा. “चार नऊच आहे.” त्याचे ते पाहून मलाही काही सुचेनासे झाले. वाचायला घेतलेले पुस्तक पानापानावर खाली ठेवावेसे वाटे. चहाचा घोट घेतला की मनात आपोआप आकडा यायचा: साडेतीन. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे भुंकणे: दोन. एकदा स्मशानातून परत येताना मी प्रेतयात्रेला तारे देत आहे हे माझ्या लक्षात आले, आणि मी त्या रात्री जेवलो नाही.

पावसाळ्यात आकडा घसरायला लागला. चार आठ. मग चार आठच्याही खाली. मिस्त्री आला तेव्हा शर्टाची वरची दोन बटणे उघडी होती. यावरूनच मी समजलो.

“सर, माह्यं काम खराब झालं का? खरं सांगा.”

“काहून?”

“कोणी चार देल्ले का कंपनीवरून फोन येते. ग्राहक नाराज आहे, कारण लिहून द्या. मी का कारण लिहू? अन् नाव दाखवत नाही, फक्त गाव दाखवते. ढाणकीचे लोक पाच देते. बाभुळगावचे पाच देते. पुसदच्या एका माणसाशी मी भांडून आलतो, त्यानंही पाच देल्ले. चार सगळे आर्णीचे. जे मले ओळखत नाही ते खूश, अन् ज्याइच्या घरी मी चड्डीत फिरलो ते नाराज.”

“लोकांले विचार न मंग.”

“ताऱ्याबद्दल बोललो का कंपनी काढून टाकते. फोन ऐकते ते लोक.”

आतून भांडे ठेवल्याचा आवाज आला आणि माझी बायको दारात आली. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होती. तालुक्यातल्या एका पिढीच्या दंडावरचे व्रण तिच्या हातचे आहेत. वैज्ञानिक दृष्टिकोनावर ती खेड्यांत भाषणे देत असे, आणि आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून तिने कितीतरी बायांच्या अंगातले भूत समजावून काढले आहे.

“चार मी देल्ले,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात. दरवाजाचं रबर बदललं तवा.”

मिस्त्री उभाच राहिला. “काकू, काही चुकलं का माह्यं?”

“चुकलं असतं तर एक देल्ला असता. काम एकदम मस्त.”

“मंग पाचवा काहून नाही देल्ला?”

“पाच देल्ले का पूर्ण होते न, बाप्पा. पूर्ण कायले कराचं? अगोदरच तू तो दिवा खिशाले लावून गावभर फिरून राह्यला. कोणाची नजर कशी, कोणाची कशी. एक राखून ठेवला.”

मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

“तू नजर मानतं?” मी विचारले.

“मी कायले मानीन? पण लोक मानते न. लोकांची लागते.”

इथे आर्णीबद्दल थोडे सांगणे भाग आहे. आमच्या गावात धर्म, पक्ष आणि पाण्याच्या पाळ्या यांवरून भरपूर मतभेद आहेत. पण एका बाबतीत बौद्ध, मुसलमान, बंजारा, मारवाडी सगळे एक आहेत: आपल्या माणसाचे पूर्ण कौतुक करायचे नाही. गोऱ्या बाळाच्या गालावर काळी तीट लावायची. नव्या घराला काळी बाहुली टांगायची. नव्या ट्रॅक्टरच्या मागे फाटकी चप्पल बांधायची. सून सुगरण असली तर “आज मीठ बरोबर पडलं वाटते” एवढेच म्हणायचे. मुलगा पहिला आला तर “निघाला कसातरी” म्हणायचे. कौतुक पूर्ण झाले की वरचा कोणीतरी जागा होतो अशी ही समजूत आहे. जगभरच्या जुन्या ग्रंथांत ती सापडते. फक्त त्या ग्रंथांच्या काळात कौतुकाची सरासरी काढत नसत.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेतली आणि गावात निघालो. मिस्त्रीला बोलायची बंदी होती, मला नव्हती. मतदानाच्या आधी पक्षाचे एजंट फिरतात तसा मी पाचवा तारा मागत फिरलो. तोवर मला असे कोणी पाहिले नव्हते, आणि मीही स्वतःला पाहिले नव्हते.

पहिल्यांदा गेलो निवृत्त मुख्याध्यापकांकडे. त्यांची वॉशिंग मशीन मिस्त्रीने दुरुस्त केली होती. ते अंगणात बसून वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करत होते.

“तारे? देल्ले न,” ते म्हणाले. “तीन.”

“तीन? काम बिघडलं होतं का?”

“उत्तम काम. म्हणून तर तीन. पाचपैकी तीन म्हणजे किती टक्के?”

“साठ.”

“साठ म्हणजे काय होते, ग्रंथपाल?”

“फर्स्ट क्लास.”

“मंग? मी त्याले फर्स्ट क्लास देल्ला. माह्या स्वतःच्या पोराले मी कधी देल्ला नाही.”

मी त्यांना समजावले की कंपनीत तीन म्हणजे नापास. त्यांचा विश्वास बसला नाही. ज्या परीक्षेत शंभरातले शंभर मिळवणारा तेवढा पास होतो, ती परीक्षा नसून खिरापत आहे, आणि खिरापतीच्या पेपरवर आपण सही करणार नाही, असे ते म्हणाले. तत्त्व म्हणून मला ते पटले.

मग कापड दुकानात. मालक मिस्त्रीचे दूरचे नातेवाईक, पोट आणि आवाज दोन्ही मोठे. मी विषय काढताच त्यांनी थान गुंडाळायचे थांबवले.

“सर, आपला पोरगा आहे तो. चार देल्ले आम्ही. अन् एक मनात ठेवला.”

“मनातला कंपनीले दिसत नाही.”

“अल्ला को दिखता न. कंपनी मोठी का अल्ला?”

या प्रश्नावर पहिल्या रांगेतल्या माणसालाही उत्तर देता येत नाही. मी रुमाल विकत घेतला आणि बाहेर पडलो. दिवसभरात ज्या ज्या घरी गेलो तिथे हेच. त्यांनी मिस्त्रीची इतकी स्तुती केली की ऐकून डोळ्यांत पाणी यावे, आणि प्रत्येकाने तारा एक कमी दिला होता. ज्यांचा जीव जास्त होता त्यांनी दोन कमी दिले होते.

तेव्हा मी नागपूरच्या साहेबांना फोन लावला. बिल्ला लावताना त्यांनी मला कार्ड दिले होते.

“सर, आमच्या सिस्टीममध्ये चार म्हणजे ग्राहक निराश,” ते म्हणाले.

“आमच्या गावात चार म्हणजे जिवाचा माणूस.”

“तसा ऑप्शन नाही आहे सर.”

“मग घाला.”

“मी वर कळवतो.” वर म्हणजे कुठे, हे विचारले तेव्हा त्यांनाही नक्की माहीत नव्हते. फोन ठेवताच माझ्या मोबाइलवर संदेश आला: आमच्याशी झालेले बोलणे तुम्हाला कसे वाटले? खाली पाच रिकामे तारे. मी मोबाइल पालथा करून उशीखाली ठेवला.

आता उरली होती घरची मतदार. मी आठवडाभर बायकोच्या मागे लागलो. तिच्याच जुन्या भाषणांतली वाक्ये तिला ऐकवली. ती ऐकून घ्यायची आणि तूर निवडत राहायची. दसऱ्याच्या सुमारास फ्रिज पुन्हा कुरकुरला. मिस्त्री आला, थर्मोस्टॅट बदलला, हसरा फोटो काढला. हसणे आता त्याला नीट जमत नव्हते, ओठ वर जायचे आणि डोळे खाली मोबाइलवर असायचे. चहाला नाही म्हणाला आणि दिग्रसच्या कामाला निघाला. बायकोच्या मोबाइलवर संदेश वाजला.

“दे,” मी म्हणालो. “पाच.”

“जबाबदारी तुमची.”

“माझी.”

तिने एकेक तारा पिवळा केला. पाचव्यावर बोट क्षणभर अधांतरी ठेवले, आणि दाबले. मग आत जाऊन हात धुतले.

अर्ध्या तासात कापडवाल्यांचा फोन आला. मिस्त्री दिग्रस रोडवर पडला होता.

सोयाबीनचे दिवस होते. आमच्याकडे काढलेले सोयाबीन लोक डांबरी रस्त्यावर वाळत घालतात, कारण सरकारने एवढे गुळगुळीत खळे दुसरीकडे कुठे बांधलेले नाही. त्या पसरलेल्या दाण्यांवरून मोटरसायकल सरकली. जीव वाचला, डोक्याला लागले नाही, उजवे मनगट मोडले.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा खाटेभोवती निम्मे गाव होते. मुख्याध्यापक होते, कापडवाले होते, पंगतीचा प्रश्न विचारणाऱ्या काकू थर्मासमध्ये चहा घेऊन आल्या होत्या, आणि मिस्त्री तो पीत होता. प्लास्टर ओले होते.

“सोयाबीन दिसलं नाही का तुले?” कापडवाल्यांनी विचारले.

“मोबाइल वाजला न मामू. खिशात गुरगुरला. काढून पाह्यलं, तर आर्णीवरून पाच! स्टार झाल्यापासून पहिल्यांदा आर्णीवरून पाच आले. मी पाहूनच राह्यलो.” एवढे बोलून तो हसला, फोटोत हसतो तसा नाही, खरा. “मंग खाली पाह्यलं तर सोयाबीन.”

थर्मासचे झाकण लावत काकूंनी विचारले, “कोणी देल्ले पाच?”

“मी,” माझी बायको म्हणाली. “सरनं सांगतलं म्हणून.”

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, हे बघा, हा निव्वळ योगायोग आहे. माणूस गाडी चालवताना मोबाइल पाहत होता, रस्त्यावर दाणे होते, चाक सरकले. यात नजर वगैरे काही नाही.

“बरोबर आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “पण मोबाइल काहून पाह्यला त्यानं?”

“तारा आला म्हणून.”

“कोणता तारा?”

“पाचवा.”

“मंग?”

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिलो. तर्कशास्त्राची तीन कपाटे माझ्या ताब्यात होती. मुख्याध्यापकांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही, आजही येत नाही. पाचव्या ताऱ्यानेच त्याला पाडले होते. चार आले असते तर तो खट्टू होऊन खाली मान घालून गेला असता आणि खाली सोयाबीन दिसले असते.

त्या दिवसानंतर आर्णीत कोणी पाच दिले नाहीत. उलट, प्लास्टर निघून मिस्त्री कामावर आला तेव्हा गावाचा जीव त्याच्यावर दुप्पट झाला होता. तीन येऊ लागले. एका म्हातारीने, जिच्या फ्रिजचे काम त्याने एका दुखऱ्या हाताने संध्याकाळपर्यंत केले, नातवाला सांगून दोन द्यायला लावले आणि त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला. मिस्त्रीने दोरा बांधून घेतला. ओट्यावर येऊन बसला तेव्हा म्हणाला, “सर, आता याइले का बोलू? कोणाले बोलू? मले कोणी एवढं जपलं नाही आजवर.” पाय हलतच होता. मोबाइल काढला, पाहिला, ठेवला, पुन्हा काढला.

मार्चमध्ये सरासरी चार पूर्णांक सातच्या बरीच खाली होती. कंपनीने आधी स्टार काढला, मग कामे पाठवणे बंद केले. सेवा केंद्राची पाटी यवतमाळच्या एका दुकानावर लागली. वडिलांच्या दुकानात मोबाइलची कव्हरेच राहिली. मिस्त्री त्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला, हातगाडी लावून बसतो. आता कोणत्याही कंपनीची मशीन उघडतो, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो आणि दिवसाला चहा किती होतात याची मोजदाद नाही. थंडीत काम नसते तेव्हा गाडी झाकून घरी बसतो. सुखी आहे का, असे मी विचारले नाही. पाय अजून हलतो आणि खिशाकडे हात जातो. खिशात जुना मोबाइल असतो, त्यात तारे येत नाहीत. बिल्ला त्याच्या आईकडे आहे. लाइट गेली की ती त्याच्या उजेडात गोळ्या शोधते.

या उन्हाळ्यात आमचा फ्रिज गार करेनासा झाला. मिस्त्रीने कान लावून पाहिले आणि सांगितले, कॉम्प्रेसर. तो अजून कंपनीच्या हमीत होता, म्हणजे कंपनीच्याच माणसाने उघडायला हवा, नाहीतर हमी जाणार. म्हणून आम्ही कंपनीला कळवले. यवतमाळहून निळ्या शर्टातला एक तंत्रज्ञ आला. दारात हसरा फोटो काढला. फ्रिज पुढे ओढला, मागे पाहिले, काहीतरी ठोकले, मागे ढकलला. बायकोने शिष्टाचार म्हणून चहा विचारला, त्याने शिष्टाचार म्हणून नको म्हटले. पुन्हा हसरा फोटो काढला आणि गेला. फ्रिज आधीसारखाच घरघरत होता.

संदेश वाजला. बायकोने चष्मा लावला आणि एका झटक्यात पाचही तारे पिवळे केले.

“पाच?” मी म्हणालो. “त्यानं तर काहीच नाही केलं.”

“हो.”

“अन् आपल्या मिस्त्रीले चार?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. इतकी पुस्तके सांभाळूनही एवढे कसे कळत नाही, असे ते पाहणे होते.

“मिस्त्री आपला आहे,” ती म्हणाली. “हा आपला कोण लागते? याले नजर लागली तर आपल्याले का कराचं आहे?”

पुढच्या महिन्यात कंपनीचा संदेश आला. जिल्ह्याच्या नव्या स्टार तंत्रज्ञाचे अभिनंदन करा, आर्णी तालुक्यातून त्यांना सर्व ग्राहकांनी पूर्ण पाच तारे दिले आहेत. सोबत फोटो होता, धूर होता, खिशावर बिल्ला होता. मी तो बायकोला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे फ्रिजमधले दूध नासले होते.